गुलाबकळीला सातवा महिना

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला सगळी गल्ली मास्तरीणबाई म्हणते. शाळेशी तिचा संबंध आठवीतच तुटला आणि तोही, तिच्या सांगण्याप्रमाणे, शाळेच्या विनंतीवरून. पण कपडे शिवणाऱ्याला लोक मास्तर म्हणतात, म्हणून शिवणारी ती मास्तरीण.

तिचं दुकान म्हणजे बारा फूट लांब नि आठ फूट रुंद खोली. आत शिरलं की उजवीकडे कापायचं टेबल, त्याच्या कडेला ठोकलेली पितळी पट्टी, समोर दोन मशिनं, भिंतीवर दोऱ्यांच्या रिळांची फळी आणि मागे एक जाड पडदा. पडद्याआड आरसा. माप घेणं नेहमी पडद्याआड, आणि माप घेताना तोंड बंद. बाकीचे शिंपी कसे, टेप लावतात आणि "कंबर बेचाळीस!" अशी आरोळी ठोकतात. दुकानातल्या चार माणसांना आणि रस्त्यावरच्या सहांना कळतं. मास्तरीण टेप लावायची, बघायची, सोडायची आणि वळून वहीत लिहायची. "माणूस आहे तो, तराजूवरचं पोतं नाही," असं तिचं म्हणणं.

वहीतही सगळं उघड नसायचं. एक खांदा उतरता असेल तर तिरकी रेघ, पोट सुटलेलं असेल तर अर्धा चंद्र, पाठीला पोक असेल तर उलटा स्वल्पविराम. मी एकदा विचारलं, "ताई, हे वर्तुळात टिंब म्हणजे काय हो?"

"म्हणजे मेहुण्यांनी विचारू नये असं काहीतरी," ती म्हणाली.

मी नगरपालिकेत पाण्याचे मीटर वाचतो. दिवसभर लोकांच्या जिन्याखाली, न्हाणीघरामागे डोकावतो, त्यामुळे कुणाच्या घरात काय चाललंय ते न विचारता कळतं. पण माझ्याकडची माहिती आणि तिच्याकडची माहिती यांत फरक होता. माझ्याकडची मी संध्याकाळी बायकोला सांगायचो. तिच्याकडची तिच्याकडेच राहायची.

अशा बाईच्या हातून व्हायला नको होतं ते झालं, ते असं.

वह्या सत्तावीस झाल्या होत्या आणि चष्म्याचा नंबरही त्याच वेगानं वाढत होता. गिऱ्हाईक दारात उभं, मास्तरीण वह्या चाळतेय, आणि गिऱ्हाईक दरम्यान जाडजूड होत चाललंय, असा प्रकार. तेव्हा दोऱ्याच्या कंपनीच्या विक्रेत्यानं तिला फोनवर एक ॲप टाकून दिलं. शिंप्यांसाठीच बनवलेलं. नाव टाका, फोन नंबर टाका, मापं टाका, पुढच्या वेळी नुसतं नाव बोला की समोर हजर. फुकट. मास्तरीण एका बोटानं टाइप करते. तीन महिने दुपारची झोप सोडून तिनं चारशे बारा माणसं त्या फोनमध्ये भरली.

ॲपला तिच्या खुणा मात्र कळत नव्हत्या. अर्धा चंद्र काढायची सोयच नव्हती. पण खाली 'विशेष सूचना' असा एक चौकोन होता, आणि त्यात ती खुणांचा अर्थ सरळ मराठीत लिहीत गेली. वीस वर्षं तिरक्या रेघांखाली सुखानं झाकून राहिलेली माणसं त्या चौकोनात उघडी पडली. तिला तेव्हा हे जाणवलं नाही. तिला वाटलं, फोन माझा, चौकोन माझा.

गल्लीच्या टोकाला शाळा आहे. तिथल्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, मास्तरीणच्या जुन्या गिऱ्हाईक. ताठ चालीच्या, कमी बोलणाऱ्या, वर्षातून दोन जॅकेटं शिवून घेणाऱ्या. एका मंगळवारी भर दुपारी त्या दुकानात आल्या, बसल्या नाहीत, आपला फोन कापायच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "वाच."

मेसेज होता. 'ऑपरेशननंतरही पूर्वीसारखंच दिसा. बाहेरून कुणालाच कळणार नाही. खास आपल्यासाठी.' त्याच्याखाली तसेच आणखी पाच.

दोन वर्षांपूर्वी मोठ्या बाईंचं डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं होतं. शाळेत त्यांनी पित्ताशयातले खडे सांगितलं होतं. सख्ख्या भावालाही खडेच सांगितलं होतं. फक्त जॅकेटच्या अस्तरात डावीकडे एक पातळ उशी शिवून हवी, म्हणून पडद्याआड मास्तरीणला खरं सांगितलं होतं.

"डॉक्टर सोडले तर हे एकट्या तुला माहीत होतं," मोठ्या बाई म्हणाल्या.

"बाई, मी कुणाला बोलले नाही."

"कुणाला तरी बोललीस."

त्यांनी फोन उचलला आणि गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या समोरच्या फुटपाथवरून जाऊ लागल्या.

मास्तरीणनं ॲप उघडलं आणि मोठ्या बाईंचा चौकोन काढला. तिनं स्वतःच्या बोटानं लिहिलेलं तिथे होतं: 'डावीकडे अस्तरात उशी. ऑपरेशन झालंय. कुणाला सांगायचं नाही.' ती ते तीनदा वाचत बसली. बाकीचं सगळं कुणीतरी नीट वाचलं होतं, नेमकं शेवटचं वाक्य तेवढं वाचलं नव्हतं.

माझी बायको म्हणाली, "ताई, हॉस्पिटलमधूनही फुटलं असेल. तू उगीच मनाला लावून घेऊ नकोस."

"असेल," मास्तरीण म्हणाली. "नुसत्या संशयावर मी कात्री चालवत नाही. आधी खडूची रेघ."

ती खडूची रेघ माझ्या संसारावरून जाणार आहे याची मला कल्पना नव्हती.

त्यानंतर नवव्या की दहाव्या दिवसाची गोष्ट. मी सकाळी अंघोळ करून बाहेर आलो तर बायको टेबलाशी बसलेली. समोर माझा फोन. तिचा चेहरा असा, की मी टॉवेल घट्ट धरला.

"अहो," ती म्हणाली, "ही गुलाबकळी कोण?"

"कोण गुलाबकळी?"

"तेच विचारतेय."

"मला काय माहीत?"

"तुमच्या फोनवर येते आणि तुम्हाला माहीत नाही? तिला सातवा महिना आहे म्हणे."

मी फोन हातात घेतला. 'प्रिय गुलाबकळी, सातव्या महिन्यात पाठ दुखते का?' त्याच्याखाली, 'गुलाबकळी, बाळाच्या स्वागताची तयारी झाली?' आणि त्याच्याखाली एका दुकानाकडून पाळण्यांची चित्रं. एकूण अकरा मेसेज. पंधरा वर्षांच्या संसारात मी तोंडावर इतका निरपराध आणि कागदावर इतका दोषी कधीच नव्हतो.

"नंबर चुकला असेल," मी म्हणालो.

"अकराजणांचा?"

"अगं, मी मीटर वाचतो! मला कुठून गुलाबकळी भेटणार?"

"घरोघरी जाता ना," ती शांतपणे म्हणाली. त्या शांतपणाला मी जास्त घाबरलो.

तिनं बहिणीला फोन लावला. गुलाबकळीचं सगळं सांगितलं. तिकडून एक किंकाळी आली, ती रडण्याची नसून हसण्याची आहे हे समजायला आम्हा दोघांनाही वेळ लागला. पंधरा मिनिटांत मास्तरीण आमच्या दारात, गळ्यात टेप तसाच.

"सापडला!" ती म्हणाली. "चोर सापडला! मेहुणे, मेसेज दाखवा."

मग तिनं उलगडा केला. तिनं ॲपमध्ये एक खोटं गिऱ्हाईक भरलं होतं. नाव गुलाबकळी, जे गल्लीत काय, गावातही कुणाचं नाही. विशेष सूचना: 'सातवा महिना, पोटाला ढील ठेवणे.' आणि फोन नंबर माझा. हे नाव, हा महिना आणि हा नंबर एकत्र जगात एकाच ठिकाणी लिहिलेले होते. मग पाळणेवाल्याला कळलं कुठून?

"ताई, तू स्वतःचा नंबर का नाही टाकलास?" बायकोनं विचारलं.

"माझा नंबर त्यांच्याकडे आधीच माझ्या नावानं आहे."

"मग निदान मला सांगायचं तरी होतं!" मी म्हणालो.

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याच संध्याकाळी हिला सांगितलं असतं आणि हिनं आईला. तुमच्या पोटात एक गोष्ट राहत नाही, मेहुणे. म्हणून तर गुलाबकळीच्या पोटात ठेवली."

माझी बायको हसायला लागली ती दुपारपर्यंत. मला ऑफिसात पोहोचायला उशीर झाला आणि कारण सांगता येईना.

पण हसून झाल्यावर मास्तरीणनं गळ्यातला टेप काढून गुंडाळला. "म्हणजे मोठ्या बाई खरं बोलत होत्या," ती म्हणाली. "मी कुणाला तरी बोलले."

आता या गोष्टीत टेलिफोनवाल्या काकू येतात. वहीपेन्सिलींच्या दुकानाच्या माडीवर त्या एकट्या राहतात. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, कानाला यंत्र लावून गावाचे कॉल जोडायच्या. ती नोकरी यंत्रांनी खाल्ली तेव्हा चिडून त्या यंत्रंच शिकल्या. आता सत्तरी ओलांडली आहे, आणि त्यांच्या घरी त्यांची पत्रं, फोटो, गाणी, सगळं त्यांच्याच एका जुन्या कॉम्प्युटरवर असतं. दुसऱ्या कुणाच्या कंपनीत काही नाही. मास्तरीण त्यांचा कोट शिवायची, म्हणून ओळख.

मास्तरीणनं सगळं सांगितलं. काकूंनी भिंग घेऊन ॲपच्या अटी वाचायला घेतल्या. अटी इतक्या लांब, की मध्ये दोनदा चहा झाला. शेवटी एकतिसाव्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे बघ. 'निवडक भागीदारांना.' तू याला हो म्हटलंयस."

"मी कधी हो म्हटलं?"

"पहिल्याच दिवशी. हिरवं बटण दाबलंस ना?"

"हिरवं होतं म्हणून दाबलं!"

"म्हणूनच ते हिरवं ठेवतात," काकू म्हणाल्या. मग भिंग खाली ठेवून म्हणाल्या, "अगं, तीस वर्षं मी लोकांचं बोलणं ऐकलंय. ऐकायचं नव्हतं, पण कानाला झाकण नसतं. कुणाचं कुणाशी जमलं, कुणाचं फाटलं, मला आधी कळायचं. मी तोंड उघडलं नाही, हा माझा चांगुलपणा. पण गावानं माझ्या चांगुलपणावर विसंबून राहायचं का? ज्याच्या हातून तार जाते त्याला ऐकू येतंच. म्हणून तार आपली पाहिजे."

दुकानासाठी कॉम्प्युटर मिळाला तो गल्लीतल्या दंतवैद्यांकडून. त्यांनी नवा घेतला होता आणि जुना जिन्याखाली टाकला होता. मीटर वाचताना मीच तो पाहिला होता, तेवढंच या कामात माझं कर्तृत्व. काकूंनी तो पुसला, आत जे होतं ते सगळं काढून टाकलं, आणि त्यावर मापांची वही, कपडे द्यायच्या दिवसांची यादी आणि फोटोंची पेटी बसवली. हे सगळे प्रोग्राम लोकांनी लोकांसाठी लिहून ठेवलेले असतात, कुणीही घ्यावं, आत काय आहे ते उघडून बघावं, असं त्या म्हणाल्या. मास्तरीणला सगळ्यात जास्त आवडलं ते हे, की नव्या वहीत चित्रं काढता येत होती. अर्धा चंद्र परत आला.

पासवर्डवरून दोघींचं वाजलं. मास्तरीणनं आधी दुकानाचंच नाव टाकलं. काकूंनी कपाळावर हात मारला. "दाराला कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली?" शेवटी काहीतरी लांबलचक ठरलं. मास्तरीण ते टाकताना ओठ हलवते, म्हणून काकूंनी तिला कीबोर्ड घेऊन पडद्याआड जाऊन टाकायची सक्ती केली.

चौथ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. काकूंना घरून दुकानाच्या कॉम्प्युटरवर जाता यायचं, पण त्या दिवशी जाता येईना.

"अगं, सर्व्हर पडलाय!"

मास्तरीणनं वळून पाहिलं. "कुठे पडला? फळीवरच आहे की."

"चालू आहे का?"

"चालू कसा असेल? इस्त्रीला प्लग नको?"

काकूंनी त्या दिवशी जे शब्द वापरले ते टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चालत नसावेत. पण काही हरवलं नव्हतं, कारण प्रत्येक दिवसाची एक बंद प्रत काकूंच्या घरीही जात होती. इस्त्रीसाठी वेगळा बोर्ड आला, आणि कॉम्प्युटरच्या प्लगवर मास्तरीणनं स्वतःच्या हातानं एक कापडी पिशवी शिवून चढवली, बटण आणि काजासकट.

मग आलं अवघड काम. जुनी मापं नव्या वहीत घेण्याऐवजी तिनं ठरवलं, की चारशे बारा लोकांना बोलवायचं, काय घडलं ते खरं सांगायचं, आणि तयार असतील त्यांची मापं नव्यानं घ्यायची. मी म्हटलं, "ताई, सांगायची गरज काय? कुणाला कळलेलंही नाही."

"मला कळलंय," ती म्हणाली.

काही गिऱ्हाइकं चिडली. दोघंतिघं परत आलीच नाहीत. बऱ्याच जणांना काही वाटलंच नाही, आणि मास्तरीणला त्यांचाच जास्त राग आला. दंतवैद्य त्यांतले. पडद्याआडून बाहेर येत ते मोठ्यानं म्हणाले, "अहो बाई, माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय? माझी कंबर घेऊन कोण काय करणार आहे?"

मास्तरीणनं खडू घेतला आणि दुकानाच्या काचेवर बाहेरच्या बाजूनं दोन आकडी संख्या लिहायला सुरुवात केली. पहिला आकडा पाच होता.

"बाई! बाई, पुसा ते!"

"का? लपवण्यासारखं आहे का काही?"

दंतवैद्यांनी स्वतःच्या रुमालानं काच पुसली. त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही.

आता जुन्या ॲपमधून सगळं पुसायचं राहिलं होतं. मास्तरीण बटण दाबणार, इतक्यात काकूंनी हात धरला. "थांब. पुसलेलं त्यांच्याकडे राहणार नाही याची खात्री काय? आधी बदल, मग पुस."

"बदलून काय टाकू?"

काकूंच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी सत्तरीच्या कुठल्याही बाईच्या डोळ्यांत पाहिलेली नाही.

पुढचा आठवडाभर रोज दुपारी काकू, मास्तरीण आणि माझी बायको अशा तिघी कापायच्या टेबलाभोवती बसल्या. मी डबा खायच्या सुट्टीत जाऊन बघायचो. खऱ्या माणसांची नावं जात होती आणि त्यांच्या जागी श्री. दिव्याचा खांब, सौ. पिठाची गोणी, कु. लोखंडी जिना अशी मंडळी येत होती. दिव्याच्या खांबाची छाती आठ इंच आणि उंची एकवीस फूट. सूचनांच्या चौकोनात तर तिघींनी जीव ओतला. 'झोपेत घोरतो.' 'टक्कल, पण मान्य नाही.' 'तिसऱ्या हाताला बाही आखूड.' 'सातवा महिना, गेली चार वर्षं.' आणि चारशे बारा जणांच्या फोन नंबरच्या जागी एकच नंबर: ॲपच्या कंपनीच्या स्वतःच्या मदत केंद्राचा.

"हे कायद्यात बसतं का?" मी विचारलं.

"एकतिसाव्या पानावर लिहिलंय," काकू म्हणाल्या, "की माहिती खरी असल्याची हमी कंपनी घेत नाही. मग आपण कशाला घ्यायची?"

पुढे काही दिवस काहीच झालं नाही. मग एका सकाळी दुकानात एक गृहस्थ आले. चाळिशीचे, हातात बॅग, चेहरा झोप न झाल्यासारखा. कंपनीचे प्रतिनिधी. मी योगायोगानं तिथे होतो. म्हणजे मीटर दुकानामागेच आहे, आणि तो महिन्यातून चारदा वाचला तर कुणी विचारत नाही.

"बाई," प्रतिनिधी म्हणाले, "आमच्या मदत केंद्राला तुमच्यामुळे फार त्रास होतोय."

"अगं बाई! कसला?"

"रोज शेकडो मेसेज नि फोन येतात. टक्कल, घोरणं, पाळणे. कामाचे कॉलच लागत नाहीत."

"कोण पाठवतं हो इतके मेसेज?" मास्तरीणनं डोळे मोठे करून विचारलं.

प्रतिनिधींनी बॅग या हातातून त्या हातात घेतली.

"भागीदार ना?" काकू कोपऱ्यातून म्हणाल्या. "निवडक?"

"हे बघा, मी नुसता नोकर माणूस," ते म्हणाले. "अटी मी लिहिल्या नाहीत. तुम्ही नंबर काढून टाका, एवढीच विनंती आहे."

"काढते. पण आधी मला लेखी द्या, की मी भरलेलं सगळं पुसलंत म्हणून. पहिल्या दिवसापासूनचं."

त्यांनी बाहेर जाऊन बराच वेळ फोन केला. आत आले तेव्हा मान हलवली, लेखी मिळेल. मास्तरीण तोपर्यंत त्यांच्याकडे वेगळ्याच नजरेनं बघत होती. त्यांचं जॅकेट खांद्यावर चढत होतं आणि पाठीमागे फुगा धरत होतं. तिला राहवेना.

"हे कुणी शिवलं?"

"तयार घेतलंय."

"तरीच. या आत."

ते इतके दमलेले होते, की निमूटपणे पडद्याआड गेले. नेहमीप्रमाणे आतून चकार शब्द नाही. मग मास्तरीण बाहेर आली, कॉम्प्युटरपाशी बसली आणि लिहू लागली. पडद्याच्या फटीतून प्रतिनिधींचं डोकं बाहेर आलं.

"बाई," त्यांनी विचारलं, आणि आवाजात खरीखुरी काळजी होती, "हे तुम्ही लिहिताय ते जातं कुठे?"

काकूंना ठसका लागला. मी मीटरकडे बघत राहिलो. मास्तरीणनं मात्र हसू दाबलं आणि फळीवरच्या खोक्याला हात लावला. "इथे," ती म्हणाली. "आणि या काकूंकडे एक प्रत, कुलपात. बस."

लेखी पत्र दोन आठवड्यांनी आलं. त्यात खेद व्यक्त केला होता. कशाबद्दल ते लिहिलं नव्हतं. प्रतिनिधींचं जॅकेट मात्र झकास झालं, आणि ते घ्यायला ते सुट्टीच्या दिवशी, कंपनीला न सांगता आले.

यानंतर मास्तरीणला सगळं आपलं आपल्याकडेच ठेवायचं वेडच लागलं, हेही सांगायला हवं, नाहीतर ती फारच शहाणी वाटेल. तिनं फोनमधला नकाशा बदलला. नवा नकाशा लोकांनीच भरायचा असतो आणि आपल्या भागाची माहिती कुणी फारशी भरली नव्हती, त्यामुळे एका नातेवाइकाकडे जेवायला निघालेलो आम्ही सगळे वीटभट्टीवर पोहोचलो. तिनं गाडीतच बसून त्या नकाशात वीटभट्टी लिहिली. "पुढच्याची तरी फसगत व्हायला नको," म्हणाली. आमचं जेवण गार झालं. मग तिनं घरच्या सगळ्यांसाठी आपल्याच कॉम्प्युटरवर गप्पांचा गट उघडला आणि आम्हाला त्यात ओढलं. सासूबाई येईनात. त्यांच्या जुन्या गटात रोज सकाळी फुलांची चित्रं येतात, ती इथे येतील का, एवढाच त्यांचा प्रश्न. मास्तरीणनं समजावलं, की आई, तिथे तुझ्यावर लक्ष ठेवतात. सासूबाई म्हणाल्या, "ठेवू देत की. तुम्ही तरी कुठे ठेवता?"  त्या आठवड्यापासून मास्तरीण रोज संध्याकाळी आईकडे जाते. गटाचा विषय काढत नाही.

मोठ्या बाई चार महिने समोरच्या फुटपाथवरून गेल्या. मास्तरीणनं त्यांना एक पत्र लिहिलं होतं, कागदावर, शाळेत न पाठवता घरच्या दारातून आत सरकवलेलं. त्यात काय होतं ते तिनं मला सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. यातलं दुसरं पहिल्यांदाच घडलं. उत्तर आलं नाही.

पाचव्या महिन्यात एका दुपारी त्या रस्ता ओलांडून आल्या. हातात जुनं जॅकेट. "अस्तर विरलंय," एवढंच म्हणाल्या.

पडदा सरकला. आत बराच वेळ दोघी होत्या. बाहेर आल्यावर मास्तरीण कॉम्प्युटरपाशी गेली नाही. तिनं विचारलं, "बाई, तुमचं कुठेच लिहीत नाही. मी लक्षात ठेवेन. चालेल?"

मोठ्या बाईंनी फळीवरच्या खोक्याकडे पाहिलं, प्लगवरच्या कापडी पिशवीकडे पाहिलं, तिच्या काजाबटणाकडे पाहिलं.

"तुझ्या लक्षात राहत असतं तर आठवीत नापास झाली असतीस का?" त्या म्हणाल्या. "सरक. मीच लिहिते."

त्या खुर्चीवर बसल्या आणि दोन्ही हातांच्या दहा बोटांनी आपली मापं स्वतः भरली. सूचनांच्या जागी क्षणभर थांबल्या. मास्तरीणनं त्यांना खुणा कशा काढायच्या ते दाखवलं. त्यांनी एक खूण काढली. कुठली ते मला दिसलं नाही. मी वाकून बघत होतो, पण मास्तरीणनं माझ्यासमोर कापडाचा अख्खा तागा उभा धरला.

आता गुरुवारी दुपारी दुकान दोन तास बंद असतं. काकू खुर्चीवर, मास्तरीण टेबलावर आणि समोर सात-आठ गिऱ्हाइकं: बेकरीवाली, घड्याळं दुरुस्त करणारे, शाळेतल्या दोन बाई आणि मागच्या बाकावर दंतवैद्य. आपली पत्रं आपल्या घरी कशी ठेवायची, हिरवं बटण दिसलं की आधी हात मागे कसा घ्यायचा, हे त्यांना शिकवलं जातं. सध्या शिकवणाऱ्या दोघींमध्येच अबोला आहे. काकूंचं म्हणणं, की एवढ्या सगळ्यांचे फोटो त्या जुन्या खोक्यात मावणार नाहीत, दुसरा घ्यायला हवा. मास्तरीण म्हणते, आधी दंतवैद्यांनी आपल्या कुत्र्याचे नऊशे फोटो काढून टाकावेत. दंतवैद्य ऐकायला तयार नाहीत. कुत्र्याचे फोटो ही आपली खासगी बाब आहे, असं ते म्हणतात.